डाव्या हातातली शक्ती

भिलाईला ताईकडे गेले की दुपारी दोन तास निवांत झोप मिळते, असा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव. सेक्टरमधले बैठे क्वार्टर, अंगणात पेरूचे झाड, रुंद आणि शांत रस्ते. नागपूरच्या गोंगाटातून आलेल्या माणसाला तिथे पाय लांब करून पडावेसे वाटते. पण या खेपेला झोप काही मिळाली नाही. बाहेरच्या खोलीत भाच्याचे तीन मित्र जमले होते आणि चौघांचे हमरीतुमरीवर येऊन काहीतरी चालले होते. एक मित्र मल्याळी, एक बंगाली, एक इथलाच छत्तीसगढी. भिलाईला लघुभारत म्हणतात ते उगीच नव्हे. सगळे संभाषण अर्थातच हिंदीतून.

मी कान देऊन ऐकले. विषय होता एका हाताचा.

"कावळेवाला हातच सगळ्यात भारी. त्याची नखं बघ, पिसं बघ!"

"तो नुसता दिसायला. मधमाश्यांच्या हाताला भोकं पडतात आणि त्यातून माश्या बाहेर येतात. अंगावर काटा आला पाहिजे तर तो बघून."

"आणि आगीच्या हाताचं काय? बोटांवरचं मांस जळून हाडं दिसतात!"

आता अशा बोलण्यावर कोणाला झोप लागणार? मी उठून बाहेर आले. स्वयंपाकघराच्या दारातून ताईने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "ऐकलंस ना? ड्रॉप घेऊन बसलाय, आणि हे असलं."

'ड्रॉप' हा शब्द भिलाईच्या घराघरांत ठाऊक आहे. बारावी झाली, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत मनासारखा क्रमांक आला नाही, म्हणून पुन्हा वर्षभर घरी राहून क्लास लावायचा. या गावाला अभ्यासाचे फार. आईबापांनी कारखान्यात पाळ्या केल्या, मुलांनी पुढे जावे, ही इथली साधी अपेक्षा. त्यामुळे अठरा वर्षांचा मुलगा भर दुपारी जळक्या हातांवर वाद घालत बसला की आईच्या पोटात गोळा येणारच.

मी मात्र मोडा ओढून मुलांमध्ये बसले. "मला दाखवा तरी, कोणाचा हात आहे हा?"

ते ज्याविषयी बोलत होते तो खेळ म्हणजे 'बायोशॉक'. अमेरिकेतील इरॅशनल गेम्स या कंपनीने, केन लेव्हिन यांच्या दिग्दर्शनाखाली, २००७ साली बाजारात आणलेला. संगणकावर किंवा टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर खेळायचा. प्रकार बंदुकीचा, म्हणजे ज्याला मुले 'शूटर' म्हणतात तो. पण त्याला नुसता नेमबाजीचा खेळ म्हटले तर हे चौघेही चिडतात, कारण त्यात कादंबरीसारखी गोष्ट आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. १९६० साली अटलांटिक महासागरावरून जाणारे एक विमान कोसळते. एकटा वाचलेला प्रवासी पोहत एका दीपगृहापाशी येतो. आतल्या पाणबुडीसारख्या डब्यात बसून खाली उतरतो, तर समुद्राच्या तळाशी एक आख्खे शहर! नाव रॅप्चर. अँड्र्यू रायन नावाच्या एका धनाढ्य उद्योगपतीने ते वसवलेले. त्याचे स्वप्न असे, की इथे सरकार नको, धर्माचा धाक नको, शास्त्रज्ञ, कलावंत आणि व्यापारी यांना कोणीही अडवायला नको. पण प्रवासी पोहोचतो तेव्हा या स्वप्ननगरीची दुर्दशा झालेली असते. काचांना तडे, छतातून गळणारे पाणी आणि माणसांचे झालेले राक्षस.

सारे आपण त्या प्रवाशाच्या डोळ्यांतून पाहतो. त्यामुळे त्याचा चेहरा दिसत नाही, धड दिसत नाही, दिसतात ते फक्त हात. उजव्या हातात शस्त्र आणि डाव्या हातात शक्ती. त्या शहरात 'प्लास्मिड' नावाची औषधे विकत मिळतात. सुईने टोचून घेतली की बोटांतून वीज निघते, चुटकीसरशी आग लागते, दूरची वस्तू हवेतून हाताशी येते. पहिल्या भागात एका वेळी एकच हात चालतो. २०१० साली आलेल्या दुसऱ्या भागात दोन्ही हात एकदम चालवता येऊ लागले.

भाचा म्हणाला, "मावशी, माणूस दिसतच नाही ना, म्हणून चित्रकारांनी सगळी कला त्या हातावर ओतलीय. वीज घेतली की शिरांमधून निळं चमकतं. मधमाश्या घेतल्या की कातडीला पोळ्यासारखी भोकं. शक्ती मिळाली याचा आनंद व्हायच्या आधी किळस आली पाहिजे, असं ते काढलंय."

माझ्या तोंडून निघून गेले, "हा तर भस्मासुर रे!"

चौघेही एकदम गप्प झाले. मल्याळी मुलाला गोष्ट ठाऊक होती, बंगाल्याला नव्हती. मग मी सांगितली. ज्याच्या डोक्यावर हात ठेवशील तो भस्म होईल, असा वर शंकराने दिला, आणि शेवटी मोहिनीच्या नाचात त्याचाच हात त्याच्याच डोक्यावर गेला. भाचा वही ओढून काहीतरी खरडू लागला. त्याच्या क्लासच्या वहीची मागची पाने चित्रांनी भरली आहेत, हे मला तेव्हा कळले. ताईला ते आधीच माहीत होते, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

मुलींचे पुतळे

बसल्या जागी त्यांनी मला पडद्यावर एक यंत्र दाखवले. प्लास्मिड विकत घ्यायचे यंत्र. दोन्ही बाजूंना गोड चेहऱ्याच्या, फ्रॉक घातलेल्या लहान मुलींचे पुतळे. जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानासारखे दिसते. "छान आहे की," मी म्हटले.

"थांब," भाचा म्हणाला, "आता त्या औषधाचा कच्चा माल कुठून येतो ते बघ."

तो येतो लहान मुलींपासून. समुद्रातल्या एका गोगलगायीसारख्या जीवापासून 'ॲडम' नावाचे द्रव्य मिळते आणि ते वाढवण्यासाठी तो जीव लहान मुलींच्या शरीरात सोडलेला असतो. या मुली अंधाऱ्या बोळांतून प्रेतांमधले ॲडम गोळा करत फिरतात. सोबतीला पाणबुड्याचा जाड पोशाख घातलेला, हाताला भलेमोठे गिरमिट बसवलेला राखणदार. त्या यंत्रावरचे पुतळे म्हणजे शहराने आपले पाप दुकानाच्या पाटीवर कोरून ठेवलेले. पाहिलेत सर्वांनी, कळले कोणालाच नाही.

राखणदार पडला की मुलगी आपल्या हाती लागते. मग खेळ थांबून विचारतो, हिला सोडवायचे की हिच्यातले ॲडम काढून घ्यायचे? काढून घेतले तर १६० मिळतात आणि मुलगी जगत नाही. सोडवले तर ८०.

मी विचारले, "तुम्ही काय केलेत?"

तिघांनी सोडवले होते. छत्तीसगढी मुलाने पहिल्यांदा खेळताना काढून घेतले होते. त्याने ते मान खाली घालून सांगितले, जणू खरेच काही केले होते. मग भरभर म्हणाला, "लेकिन मौसी, पुढे कळलं की सोडवलेल्या मुलींकडून भेटी येतात. हिशेब करून बघितला तर शेवटी फारसा फरकच पडत नाही."

यावर भाच्याचे म्हणणे असे, की हीच तर या खेळातली खोट. चांगुलपणा असा भरपाई होऊन परत येत असेल तर तो चांगुलपणा कसला? सोडवणाऱ्याला शेवटपर्यंत कमीच मिळायला हवे होते. बंगाली मित्राला ते पटले नाही. तो म्हणाला, "मग कोणी सोडवलंच नसतं." बराच वेळ हे चालले. मी मध्ये पडले नाही. घरात कीर्तन ऐकत वाढलेली मी, पण 'निष्काम' या शब्दावर इतक्या पोटतिडकीने बोलणारी मुले बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. त्यांनी तो शब्द वापरला नाही, एवढेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा खेळ लहान मुलांचा नाही. रक्तपात भरपूर आहे, दृश्ये भयानक आहेत. अमेरिकेत तो सतरा वर्षांवरील आणि युरोपात अठरा वर्षांवरील खेळणाऱ्यांसाठी म्हणून विकला गेला. खोक्यावर किंवा विक्रीच्या पानावर हे वय छापलेले असते, पालकांनी ते पाहिलेच पाहिजे. ताईची धाकटी सातवीत आहे. तिला हा खेळ बघायला बंदी आहे आणि ती बंदी ताईने नव्हे, भाच्यानेच घातलेली आहे. पैसे लावून खेळायच्या ज्या जुगारी खेळांवर केंद्र सरकारने २०२५ च्या कायद्याने बंदी आणली, त्यांच्याशी मात्र याचा संबंध नाही. एकदा विकत घ्यायचा आणि पुस्तकासारखा संपवायचा.

मरीन ड्राइव्ह आणि शिकागो

रॅप्चरची चित्रे त्यांनी एकामागून एक दाखवली. सोनेरी उभ्या रेषा, पायऱ्यापायऱ्यांनी वर जाणारे मनोरे, उगवत्या सूर्याच्या किरणांसारखी नक्षी, गोलाई दिलेले कोपरे. हे सारे मी कुठेतरी पाहिले आहे, असे सारखे वाटत होते. मग एकदम आठवले. लग्नानंतर दोन वर्षे आम्ही मुंबईला होतो. संध्याकाळी चर्चगेटहून समुद्राकडे चालत जायचो.

"अरे, ही तर मरीन ड्राइव्हवरची घरं! आणि हे इरॉस टॉकीज!"

भाच्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की इतक्या वर्षांत एवढा आदर मला त्याच्याकडून मिळाला नव्हता. मी चुकले नव्हते. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. १९२० आणि ३० च्या दशकांत ती जगभर पसरली. मुंबईचे रीगल १९३३ चे, इरॉस १९३८ चे. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हवरच्या या इमारतींना समोरच्या गॉथिक इमारतींसह २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. यंत्रयुगावर माणसाचा विश्वास होता तेव्हाची ती शैली. म्हणून तर एका हट्टी उद्योगपतीच्या शहराला ती शोभते, आणि म्हणूनच त्या सोनेरी भिंतीवरून पाणी ओघळताना पाहून वाईट वाटते.

तेवढ्यात भाऊजी सकाळपाळी संपवून आले. चहाचा कप घेऊन पाठीमागे उभे राहिले. पडद्यावर छताचे जोड निखळून पाणी धो-धो पडत होते. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "या गावात शटडाऊन घेतच नाहीत वाटतं. गॅस्केट गेलंय. मेंटेनन्सवाले कुठायत?"

सगळे हसले, पण भाचा हसला नाही. म्हणाला, "बाबा, तेच तर सांगायचंय त्यांना. तिथे सगळेच मोठे लोक. नळ दुरुस्त करायला कोणालाच जायचं नव्हतं."

भिलाईच्या मुलांना हे शहर इतके का भिडते, ते मला तिथे उमगले. त्यांचे स्वतःचे गावही कोणाच्या तरी स्वप्नातून आधी कागदावर उतरलेले आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, शेतांच्या आणि खेड्यांच्या जागी पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. सेक्टर आखले गेले, शाळा, इस्पितळ, बाजार, बागा. मैत्रीबाग हे नावच रशियाच्या दोस्तीचे. अशा गावात वाढलेल्या मुलाला शहर हे निर्माण केलेले असते, आणि ते सांभाळावे लागते, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

याच मालिकेतला तिसरा भाग २०१३ चा, 'बायोशॉक इन्फिनिट'. यात शहर पाण्याखाली नाही, ढगांत आहे. नाव कोलंबिया, काळ १९१२. गोष्टीप्रमाणे हे तरंगते शहर १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या वेळी आकाशात सोडलेले. शिकागो, १८९३ म्हटल्यावर आपल्याला काय आठवते? स्वामी विवेकानंद. ज्या सर्वधर्म परिषदेत ते बोलले ती याच जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. तिथल्या पांढऱ्याशुभ्र, खांबांच्या, पुतळ्यांच्या इमारतींचा थाट कोलंबियाला दिलेला आहे. उजेड, गुलाब, झेंडे, फुगे. आणि त्या उजेडाच्या पोटात काळ्या माणसांचा द्वेष.

इथली शक्ती सुईने घ्यायची नाही, प्यायची. जुन्या टॉनिकसारख्या नक्षीदार बाटल्या, प्रत्येकीचा आकार वेगळा. कावळ्यांच्या शक्तीची बाटली कावळ्याच्या घाटाची. प्यायली की हात तसा होतो. ज्या हातांवरून भांडण पेटले होते त्यांतला कावळ्यांचा आणि हाडे दिसणारा आगीचा, हे दोन्ही हात या खेळातले. मधमाश्यांचा मात्र पहिल्या भागातला.

आता खरा वाद. जगभरच्या चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षे चाललेला, आणि आमच्या मोड्याभोवतीही तोच. बाटल्या सुंदर आहेत, हे सर्वांना मान्य. पण त्या शहरात आहेत कशासाठी? रॅप्चर बुडाले ते या औषधांपायीच. त्यांच्याशिवाय ती गोष्ट उभीच राहत नाही. कोलंबियात मात्र जत्रेत नमुना म्हणून बाटली फुकट वाटतात, तरी हातातून आग काढणारे नागरिक रस्त्यावर दिसत नाहीत. थोडे शत्रू सोडले तर ही शक्ती कोणी वापरतच नाही. नंतरच्या पुरवणी भागांत या बाटल्यांची कल्पना रॅप्चरवरूनच उचलली होती, असा खुलासा येतो. मल्याळी मुलाला तो पुरेसा वाटतो. भाच्याला वाटत नाही.

"दागिना घातलाय, पण अंगाला लागलेला नाही," तो म्हणाला. हे वाक्य त्याने मराठीत, माझ्याकडे बघून म्हटले.

मला त्याचे पटले. चित्र कितीही देखणे असो, ते गोष्टीच्या गरजेतून आले नसेल तर पाहुण्यासारखे बाजूला बसून राहते. आणि याच गावाच्या परिसरात याचे केवढे मोठे उदाहरण आहे! भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई. पंडवानी गाणाऱ्या. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यांनी नोकरीही केली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या हातात एकच वस्तू असायची, मोरपिसे लावलेला तंबोरा. भीम आला की ती गदा, अर्जुन आला की धनुष्य. ती वस्तू बदलत नव्हती, तिला धरणारा हात बदलत होता. भाऊजींनी त्यांचा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिलेला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून टॉवेलाची गुंडाळी खांद्यावर टाकून दाखवली, आणि खरेच क्षणभर गदा दिसली.

पुण्याची राजी

ताईच्या धाकटीला 'तुझा आवडता खेळ कोणता' विचारले तर ती 'राजी' म्हणते. हा बंदुकीचा खेळ नाही, पण गोष्ट, शक्ती आणि चित्रे या तिन्ही बाबतींत त्याच पंगतीतला. आणि तो परदेशात नव्हे, पुण्यात तयार झाला. नॉडिंग हेड्स गेम्स ही छोटी संस्था. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. चित्रांची बाजू श्रुती घोष यांची. राजी ही खेळ करून पोट भरणाऱ्या भटक्या लोकांतली पोर. राखीपौर्णिमेच्या दिवशी दानव तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते, आणि दुर्गा व विष्णू आपसांत बोलत तिची कथा सांगतात.

इथे सगळे उलटे आहे. राजी आपल्याला दुरून, जरा उंचावरून दिसते. केवढ्या तरी किल्ल्यात, राजस्थानी जाळ्या-झरोक्यांच्या पायथ्याशी एवढीशी. तिचा हात दिसणारच नाही, म्हणून शक्ती दाखवायची ती तिच्या हालचालीतून. भिंतीवर धावत चढणे, खांबाभोवती गिरकी घेऊन त्रिशूळ फिरवणे. डोंबाऱ्याच्या पोरीला जे अंगात येते तेच तिचे युद्ध. रंग पहाडी लघुचित्रांच्या वळणाचे, हाताने भरलेले. आणि मधली कथा सांगताना पडद्यावर छायाबाहुल्यांचा खेळ येतो. आपल्या सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे नाचवतात, अगदी तीच जात.

हा खेळ सहजासहजी झाला नाही. २०१७ मध्ये या मंडळींनी लोकवर्गणीसाठी जाहीर आवाहन केले. त्या योजनेचा नियम असा, की ठरवलेली रक्कम पूर्ण जमली नाही तर जमलेलेही हाती येत नाही. ती जमली नाही. तरी काम चालू राहिले, पुढे प्रकाशक मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ बाहेर आला. त्या वर्षअखेरीच्या 'द गेम अवॉर्ड्स' या मोठ्या समारंभात पदार्पणातल्या उत्कृष्ट स्वतंत्र खेळांच्या नामांकनात त्याचे नाव होते. पुरस्कार दुसऱ्या खेळाला गेला. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले.

धाकटीची एकच तक्रार आहे आणि ती अनेक समीक्षकांनीही केलेली: खेळ पाच-सहा तासांत संपतो आणि शेवट एकदम येतो. "भावाला शोधायला इतकं फिरवलं आणि शेवट असा?" भाच्याची तक्रार वेगळी. "देवाने शस्त्र दिलं, ठीक. पण राजीला त्याची किंमत काय पडली?" धाकटी ताडकन म्हणाली, "तिचा भाऊ गेला ना! अजून काय किंमत पाहिजे तुला?" मोठ्या भावाची बोलती बंद झालेली पाहून मला, खरे सांगते, बरे वाटले.

चित्रांच्या बाबतीत चाहते किती कठोर असतात, याचे दुसरे उदाहरणही पुण्याचेच. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ नव्वदच्या दशकात संगणकाच्या क्लासमध्ये कोणी पाहिला नाही? १९८९ मध्ये जॉर्डन मेक्नर यांनी तो केला, तेव्हा आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून, त्याचे चित्रण करून त्यावरून राजपुत्राची चाल काढली. या मालिकेतल्या 'सँड्स ऑफ टाइम' (२००३) मध्ये राजपुत्राकडे वेळ मागे फिरवणारा खंजीर आहे. तो खेळ नव्याने करण्याचे काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आले. १० सप्टेंबर २०२० ला, 'राजी'नंतर महिन्याच्या आतच, त्याची पहिली झलक दाखवली गेली आणि चाहते तुटून पडले. चेहरे जुनाट दिसतात, रंग बेजान आहेत. प्रकाशन पुढे ढकलले, पुन्हा ढकलले आणि मे २०२२ मध्ये ते काम कॅनडातल्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. त्या मुलामुलींनी किती रात्री जागून ते चेहरे घडवले असतील, आणि दोन-तीन मिनिटांच्या चित्रफितीवरून निकाल लागला.

ही हकीगत मी मुद्दाम ताईला ऐकू जाईल अशी सांगितली नाही. पण ती ऐकत होती.

रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "म्हणजे चित्रं काढून पोट भरत असेल, पण एवढ्या टक्क्याटोणप्याचं?"

मी तिला काय सांगणार? मुंबईचे जे. जे. कलाशाळा १८५७ पासून आहे, आणि पवईच्या आयआयटीतही १९६९ पासून डिझाइनचा विभाग आहे, हे सांगितले. तिथल्या पदवीसाठी २०१५ पासून वेगळी प्रवेश परीक्षा होते, तिच्यात चित्र काढावे लागते, हेही सांगितले. 'आयआयटी' हा शब्द ऐकून ती जरा सावरली. पण मी तिला हे नाही सांगितले, की या धंद्यात खेळ फसला की माणसे घरी बसतात. खुद्द इरॅशनल गेम्सने 'इन्फिनिट' एवढा गाजूनही पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, बहुतेक साऱ्या माणसांना निरोप दिला होता. ते भाच्यानेच दुसऱ्या दिवशी तिला सांगितले. लपवले नाही. ताई म्हणाली, "मग?" तो म्हणाला, "मग काही नाही. दोन्ही परीक्षा देतो."

क्लास चालू आहे. वहीची मागची पाने भरत आहेत.

निघायच्या सकाळी तो चहाच्या टेबलावर एक चित्र घेऊन आला. त्याने स्वतःची एक शक्ती तयार केली होती. डावा हात, रुंद तळवा, आखूड जाड बोटे, आणि मनगटापासून शिरांमधून वितळलेल्या लोखंडासारखे तांबूस काहीतरी वाहते आहे. तळव्याशी त्याचे रूळ होतात. भिलाईचे रूळ साऱ्या देशात जातात, म्हणून. कोणाचा हात ते विचारायची गरज नव्हती.

भाऊजींनी चष्मा लावून चित्र जवळ घेतले, लांब धरले.

"अंगठा लहान काढलायस," ते म्हणाले, आणि बशी बाजूला सारून त्यांनी आपला डावा हात कागदाशेजारी टेबलावर ठेवला. "हा बघ. नीट बघून काढ."